कागदावर उरलेले आणि न उरलेले रुग्ण : सर्पदंशाच्या जुन्या केसपेपरांवरील एका अभ्यासाचे प्रकरण

पार्श्वभूमी

बेळगाव जिल्ह्याच्या पश्चिम टोकाला, खानापूर तालुक्यात, सह्याद्रीचा दाट पट्टा आहे. जांबोटी, कणकुंबी आणि भीमगडच्या जंगलाला लागून भाताची शेते आहेत, तर उत्तरेला निपाणी, चिकोडी, अथणीच्या बाजूला उसाचे फड पसरले आहेत. लावणीच्या दिवसांत अनवाणी चिखलात उतरणारी माणसे, कापणीच्या वेळी वाकून पेंढ्या उचलणाऱ्या बायका आणि रात्री मोटार चालू करायला शेतात जाणारा शेतकरी यांना साप चावणे या भागात नवीन नाही. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे हे चारही प्रमुख विषारी साप इथे आढळतात. सीमेपलीकडच्या चंदगड तालुक्यातल्या रुग्णाला कोल्हापूरपेक्षा बेळगाव कितीतरी जवळ पडते. त्यामुळे बेळगावच्या मोठ्या रुग्णालयांत सर्पदंशाचे रुग्ण दोन राज्यांतून आणि किमान दोन भाषांतून येतात.

मिलियन डेथ स्टडीच्या आधारे २०२० साली प्रसिद्ध झालेल्या अंदाजानुसार भारतात २००० ते २०१९ या काळात सर्पदंशाने सुमारे १२ लाख मृत्यू झाले, म्हणजे वर्षाला सरासरी ५८ हजार. हा अंदाज घरोघरच्या चौकशीतून काढलेला आहे, कारण यांतले बरेच मृत्यू रुग्णालयाच्या कागदावर येतच नाहीत. कर्नाटक सरकारने फेब्रुवारी २०२४ मध्ये सर्पदंश हा नोंद करणे बंधनकारक असलेला आजार ठरवला. त्याआधीच्या वर्षांत या भागात काय घडत होते हे तपशिलाने जाणून घ्यायचे असेल, तर रुग्णालयांतले जुने केसपेपर हेच मुख्य साधन उरते.

बेळगाव परिसरातील एका रुग्णालयात मेडिसिन विभागाच्या पदव्युत्तर विद्यार्थिनीने प्रबंधासाठी हाच विषय घेतला. साप चावल्यापासून सर्पविषरोधक औषध, ज्याला सगळे ए.एस.व्ही. म्हणतात, सुरू होईपर्यंत गेलेला वेळ आणि मूत्रपिंडाला झालेली इजा यांचा संबंध मागील पाच वर्षांच्या फाइलींतून शोधायचा, असे सिनॉप्सिसमध्ये, म्हणजे प्रबंधाच्या मंजूर आराखड्यात, ठरले होते. अभ्यासपद्धती आणि सांख्यिकी पाहण्याचे काम सामाजिक वैद्यकशास्त्र विभागातून माझ्याकडे होते. रुग्णालयाची आणि माणसांची ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. अडचणींचे स्वरूप मात्र जसेच्या तसे ठेवले आहे.

अडचण कशी लक्षात आली

आरंभी अडचण साधी वाटली, म्हणजे फाइली सापडत नव्हत्या. रेकॉर्ड रूममध्ये गठ्ठे महिन्यांनुसार बांधलेले होते, पण शोध घेण्यासाठीची नावांची यादी कधी आडनावाने, तर कधी नावाने लावलेली होती, कारण मराठी कारकून आडनाव आधी लिहितो आणि कन्नड शाळेत शिकलेला कारकून रुग्णाचे स्वतःचे नाव आधी लिहितो. सविता, ज्योती, लता ही नावे इंग्रजीत कुणी नुसत्या ‘टी’ने, तर कुणी ‘टीएच’ने लिहिली होती. आडनावाने शोधायला जावे तर पाटलांचाच एक मोठा ढीग समोर येई. गावाच्या रकान्यात ‘कंग्राळी’ एवढेच असले की ते खुर्द की बुद्रुक, हे कळायला मार्ग नसे. एकच रुग्ण दोनदा दाखल झाला असेल, तर त्याच्या दोन फाइलींत वयातच पाच वर्षांचा फरक आढळे. यावर उपाय होता आणि तो वेळखाऊ असला तरी अवघड नव्हता : नाव सोडून द्यायचे आणि कॅज्युअल्टी (तातडीच्या विभागाच्या) रजिस्टरमधला आय.पी. नंबर, म्हणजे आंतररुग्ण क्रमांक, धरून शोधायचे.

त्यानंतर जे दिसले ते अधिक गंभीर होते. सापडलेल्या फाइलींतले बहुतेक रुग्ण दोन-तीन दिवसांत बरे होऊन घरी गेलेले होते. मृत्यू जवळपास नव्हते आणि डायलिसिस लागलेला रुग्ण तर विरळाच. इकडे डायलिसिस विभागाच्या रजिस्टरमध्ये मात्र सर्पदंशाच्या नोंदी दर पावसाळ्यात ठळकपणे दिसत होत्या. रेकॉर्ड रूमच्या ज्येष्ठ कर्मचाऱ्यांनी, ज्यांना सगळे मामा म्हणतात, एका वाक्यात उलगडा केला : “त्या फाइली हितं नसतात ओ मॅडम, एम.एल.सी.चं कपाट निराळं.” सर्पदंशाची नोंद या रुग्णालयात एम.एल.सी., म्हणजे वैद्यकीय-कायदेशीर प्रकरण, म्हणून होत असे आणि अशा फाइली वेगळ्या खोलीत, कुलपात असत. पण नोंद प्रत्येक रुग्णाची होत नव्हती. रात्रपाळीच्या डॉक्टरला दाताच्या खुणा किंवा विषबाधेची लक्षणे दिसली तर एम.एल.सी. होई. लक्षणे नसलेला, ‘काहीतरी चावले’ म्हणून आलेला रुग्ण साध्या फाइलीवर दाखल होई. म्हणजे रुग्ण किती गंभीर आहे यावर त्याची फाइल कुठल्या कपाटात जाणार हे ठरत होते.

परवानगी घेऊन ते कपाट उघडले आणि पहिला मास्टर चार्ट, म्हणजे सर्व रुग्णांच्या माहितीचा एकत्र तक्ता, तयार झाला. त्यातून एक आनंददायक निष्कर्ष निघाला : पहिल्या दोन वर्षांत मृत्यू आणि डायलिसिसचे प्रमाण मोठे होते आणि पुढच्या तीन वर्षांत ते एकदम खाली आले होते. मार्गदर्शकांना यात नव्या अतिदक्षता विभागाचे श्रेय दिसले आणि तसे दिसणे स्वाभाविकही होते. मला खटकला तो ‘एकदम’. उपचार सुधारतात तेव्हा आकडे हळूहळू उतरतात, एका जानेवारीत कोसळत नाहीत.

कारण रद्दीत होते. २००२ च्या वैद्यकीय व्यवसाय आचारनियमांनुसार आंतररुग्णांच्या नोंदी उपचार सुरू झाल्यापासून ३ वर्षे जपणे बंधनकारक आहे. त्याप्रमाणे हे रुग्णालय तीन वर्षांपूर्वीचे साधे गठ्ठे दरवर्षी खंडेनवमीच्या साफसफाईत निकाली काढत असे. एम.एल.सी. फाइली न्यायालयीन कारणासाठी राखल्या जात. परिणामी जुन्या दोन वर्षांतले फक्त गंभीर रुग्ण कागदावर उरले होते आणि अलीकडच्या तीन वर्षांतले सौम्य-गंभीर सगळे. मृत्यूचे प्रमाण घटले नव्हते, भागाकारातला छेद बदलला होता.

एका फाइलीत काय असते

पद्धतीबद्दल पुढे जे सांगायचे आहे त्यासाठी एक फाइल जवळून पाहायला हवी. खानापूर भागातला चाळिशीचा शेतकरी. कॅज्युअल्टी रजिस्टरमध्ये आगमनाची वेळ रात्री ११.२०. मुखपृष्ठावर दाखल होण्याची वेळ ११.५०. वॉर्डातल्या सिस्टरच्या नोंदीत १२.०५, पण तारीख आदल्याच दिवसाची, कारण पाळी तीच चालू होती. औषधांच्या तक्त्यावर ए.एस.व्ही.च्या १० कुप्या ‘ताबडतोब’ असे लिहिलेले, वेळ नाही. चाव्याची वेळ प्रशिक्षणार्थी डॉक्टरने ‘संध्याकाळी अंदाजे ६’ अशी लिहिलेली. फाइलीच्या शेवटी, लघवीच्या मोजमापाच्या तक्त्यामागे, गंजलेल्या टाचणीने अडकवलेली चार घड्यांची चिठ्ठी : तालुक्याच्या दवाखान्यात रात्री ८.४० ला ए.एस.व्ही. सुरू केले होते.

ही चिठ्ठी नसती तर चाव्यापासून औषधापर्यंतचा काळ सहा तासांच्या आसपास धरला गेला असता. चिठ्ठीप्रमाणे तो तीन तासांहून कमी होता. आणि ही चिठ्ठी असणे हा नियम नव्हता. पुष्कळदा ती नातेवाइकांच्या खिशात परत जाई, कारण पुढे कुठे दाखवावी लागेल म्हणून तेच ती मागून घेत. मध्यरात्रीच्या तारखेचा घोळ तर इतका सर्रास होता, की पहिल्या मास्टर चार्टमध्ये काही रुग्णांना दाखल होण्याच्या कित्येक तास आधी वॉर्डात औषध मिळाल्याचे उत्तर निघाले होते.

समोर असलेले पर्याय

या टप्प्यावर चार वाटा होत्या. पहिली, ‘पूर्ण’ फाइली तेवढ्या घ्याव्यात आणि अपुऱ्या वगळाव्यात. पदव्युत्तर प्रबंधांत ही वाट सर्वाधिक वापरली जाते आणि माझ्या मते हीच सर्वांत घातक आहे. जो रुग्ण घाईत आला, घाईत हलवला गेला किंवा तासाभरात दगावला, त्याचीच फाइल अपुरी राहते. ती वगळली की अभ्यासातून नेमका तोच रुग्ण जातो ज्याच्यासाठी अभ्यास करायचा आहे.

दुसरी वाट, जुने कागद सोडून येत्या पावसाळ्यापासून नव्याने माहिती गोळा करायची. शास्त्राच्या दृष्टीने ही स्वच्छ होती, पण प्रबंध सादर करण्याच्या मुदतीत एकच हंगाम बसत होता. तिसरी, सगळ्या फाइली स्कॅन करून संगणकावर आणायच्या. या कल्पनेला व्यवस्थापनाचा उत्साही पाठिंबा होता. परंतु वेळ न लिहिलेला कागद स्कॅन केल्याने वेळ लिहिलेला होत नाही आणि रद्दीत गेलेली फाइल परत येत नाही. चौथी वाट म्हणजे प्रश्न आणि कालखंड दोन्ही लहान करायचे आणि प्रत्येक रुग्णासाठी फाइलीखेरीज इतर रजिस्टरांचा आधार घ्यायचा.

विद्यार्थिनीचा कल पहिल्या पर्यायाकडे होता आणि त्यामागची चिंता रास्त होती : मंजूर सिनॉप्सिसमध्ये नमुन्याचा आकार ठरलेला होता, कालखंड कापला की तो भरणार नव्हता. आम्ही दोन बैठका फक्त एवढ्याच मुद्द्यावर घेतल्या. शेवटी निर्णय झाला तो असा, की मोठ्या पण वाकड्या नमुन्यापेक्षा लहान आणि ज्याचा वाकडेपणा सांगता येईल असा नमुना बरा. चौथा पर्याय घेतला आणि आचारसमितीकडे दुरुस्तीचा अर्ज केला.

केलेली कार्यवाही

प्रथम वैद्यकीय अधीक्षकांकडून लेखी आदेश घेऊन येत्या साफसफाईतली निकासी थांबवली. हे काम एका पत्राचे होते, पण ते राहिले असते तर उरलेल्या तीन वर्षांतलेही एक वर्ष अभ्यास चालू असतानाच गेले असते. जुनी दोन वर्षे अभ्यासातून पूर्ण वगळली.

मग रुग्णांची यादी फाइलींवरून न करता रजिस्टरांवरून केली. कॅज्युअल्टी, एम.एल.सी., अतिदक्षता, डायलिसिस, मृत्यू-नोंद आणि औषधभांडार या सर्व ठिकाणची नावे आय.पी. नंबराने जुळवली. औषधभांडाराचे रजिस्टर सर्वांत विश्वासार्ह निघाले. ए.एस.व्ही. महाग आणि टंचाईचे औषध असल्याने प्रत्येक कुपीचा बॅच क्रमांकासह हिशेब ठेवला जातो, आणि हिशेब द्यावा लागतो तिथे माणूस वेळही लिहितो. रुग्णालयात दिलेल्या कुप्या आम्ही या रजिस्टरवरून मोजल्या, फाइलीवरून नाही. कोणाचे नाव रजिस्टरात आहे पण फाइल कुठेच नाही, असे रुग्ण वगळले नाहीत. त्यांचा स्वतंत्र गट करून जेवढी माहिती मिळाली तेवढी मांडली.

मूत्रपिंडाच्या इजेसाठी डॉक्टरांच्या शेऱ्यावर विसंबलो नाही. के.डी.आय.जी.ओ. या मूत्रपिंडविकारांवरील आंतरराष्ट्रीय संस्थेच्या २०१२ च्या निकषांनुसार क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचे काम मंदावले की रक्तात वाढणारा घटक) ४८ तासांत प्रति डेसिलिटर ०.३ मिलिग्रॅमने वाढले किंवा ७ दिवसांत मूळ पातळीच्या दीडपट झाले तर इजा धरतात. क्रिएटिनिनचे आकडे प्रयोगशाळेच्या रजिस्टरमध्ये तारीखवार मिळाले. शेतकऱ्याचे आजारापूर्वीचे क्रिएटिनिन कुणाजवळ असणार? म्हणून दाखल असतानाची सर्वांत कमी पातळी ही मूळ पातळी मानली, आणि त्यामुळे जे रुग्ण पूर्ण सुधारण्याआधी गेले त्यांच्यातली इजा कमी मोजली जाऊ शकते हे प्रबंधात लिहिले. रक्त गोठण्याच्या २० मिनिटांच्या चाचणीबाबत मात्र हात टेकावे लागले. ही चाचणी काचेच्या कोरड्या नळीत खाटेजवळच होते, तिचा निकाल कॅज्युअल्टीच्या कागदाच्या मागे खरडलेला असतो आणि तिचे दुसरे रजिस्टर कुठेही नसते. तिथली रिकामी जागा भरून काढण्याचा मार्ग नव्हता, तेव्हा तो घटक मुख्य विश्लेषणातून काढला.

प्रोफॉर्मात, म्हणजे फाइलींतली माहिती उतरवून घेण्याच्या छापील नमुन्यात, सर्वांत मोठा बदल रिकाम्या जागेसंबंधी केला. आधी ‘आहे’ आणि ‘नाही’ असे दोनच पर्याय होते आणि फाइलीत उल्लेख नसेल तर ‘नाही’वर खूण होत होती. नव्या प्रोफॉर्मात ‘नाही असे लिहिले आहे’, ‘काहीच लिहिलेले नाही’ आणि ‘लिहिले आहे पण वाचता येत नाही’ असे तीन वेगळे संकेत ठेवले. पापणी जड झाली होती का, हा प्रश्न मण्यारच्या दंशात जीवनमरणाचा आहे. त्याचा उल्लेख नसणे म्हणजे लक्षण नसणे, असे धरण्याचा अधिकार आम्हाला नव्हता.

प्रत्येक फाइल दोघांनी स्वतंत्रपणे वाचली आणि कोहेनच्या कप्पा गुणांकाने त्यांच्यातली सहमती तपासली. वेळेच्या नोंदी वाचणाऱ्याला डिस्चार्ज कार्ड पाहू दिले नाही, कारण शेवट ठाऊक असला की ‘संध्याकाळी’चा अर्थ नकळत चार की सात असा सोयीने लावला जातो. प्रयोगशाळेच्या आकड्यांत सहमती उत्तम आली. चाव्याच्या वेळेत ती इतकी कमी आली, की तासांचा हिशेब सोडून ‘सहा तासांच्या आत’, ‘सहा तासांनंतर’ आणि ‘ठरवता येत नाही’ असे तीन गट करावे लागले.

गोपनीयतेचा निर्णयही सोपा नव्हता. होस्टेलवर बसून काम करता यावे म्हणून फाइलींचे फोटो मोबाइलवर घ्यावेत, अशी सूचना निवासी डॉक्टरांकडून आली होती. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार ओळख काढून टाकलेल्या जुन्या नोंदींवरील अभ्यासाला आचारसमिती संमतीच्या अटीतून सूट देऊ शकते, आणि ती या अभ्यासाला मिळाली होती. पण नाव, गाव आणि एम.एल.सी. क्रमांक दिसणारा फोटो हा ओळख काढलेला कागद नव्हे. फोटो नाकारले. फाइली रेकॉर्ड रूममध्येच वाचल्या आणि नाव व संकेतांक जुळवणारी वही मार्गदर्शकांच्या कुलपात राहिली. त्यामुळे काम काही महिने लांबले.

निष्पत्ती

प्रबंध स्वीकारला गेला, मात्र मूळ प्रश्नाचे ठाम उत्तर त्यात नाही. औषधाला लागलेला वेळ आणि मूत्रपिंडाची इजा यांचा संबंध अपेक्षित दिशेने दिसला, परंतु ‘ठरवता येत नाही’ हा गट एवढा मोठा होता, की त्याला दोन्ही बाजूंना टाकून पाहिल्यावर निष्कर्ष डळमळत होता. हे दोन्ही प्रकारचे हिशेब प्रबंधात शेजारी-शेजारी छापले आहेत. मृत्यूदर घटल्याचे वाक्य मसुद्यातून पूर्ण काढले.

रुग्णालयाच्या कामकाजात दोन बदल झाले. सर्पदंशाच्या प्रत्येक फाइलीला आता मराठी, कन्नड आणि इंग्रजी मथळ्यांचे एक पान जोडले जाते. त्यात चाव्याची, पहिल्या दवाखान्याची आणि ए.एस.व्ही. सुरू केल्याची अशा तीन वेळा २४ तासांच्या घड्याळाने लिहायच्या असतात. बाहेरून आलेली चिठ्ठी कॅज्युअल्टीतच झेरॉक्स करून मूळ प्रत नातेवाइकांना परत दिली जाते. मथळे मराठीत असल्याने नातेवाईक स्वतः पान पाहून वेळ दुरुस्त करतात, असे सिस्टर सांगतात, आणि ही गोष्ट मला सर्वांत मोलाची वाटते.

वेगळे काय करता येईल

असा अभ्यास पुन्हा करायचा झाला तर सिनॉप्सिस लिहिण्याआधी कागदाचा प्रवास पायी फिरून पाहावा, असे मी सुचवेन. रुग्ण कॅज्युअल्टीत आल्यापासून त्याची फाइल कोणकोणत्या टेबलांवरून जाते, मृत्यू झाला तर ती कोणाकडे थांबते, सरकारी आरोग्य योजनेच्या दाव्यासाठी मूळ प्रत जाते की झेरॉक्स, आणि कोणती फाइल कधी नष्ट होते, हे सगळे एका सकाळीत समजते. ते सांगू शकणारा माणूस रेकॉर्ड रूममध्ये असतो, आणि त्याला पहिल्या बैठकीला बोलावण्याची रीत आपल्याकडे नाही. मामांना बोलावले गेले असते तर पहिला मास्टर चार्ट तयारच झाला नसता. नमुन्याचा आकारही छोटी चाचणी घेऊन, किती फाइली खरोखर वाचता येतात ते पाहूनच ठरवावा.

एक प्रश्न मात्र नियोजन सुधारूनही सुटला नसता. डॉक्टरांच्या सल्ल्याविरुद्ध घरी नेलेल्या रुग्णांच्या फाइलीवर ‘डामा’ असा शेरा मारला की नोंद संपते. यांतले बरेच रुग्ण अतिदक्षतेतून, खर्च झेपत नाही म्हणून किंवा गावाकडच्या मांत्रिकावर भरवसा म्हणून हलवलेले असतात. आम्ही काहींच्या फाइलीवरचे दूरध्वनी क्रमांक समितीच्या परवानगीने लावून पाहिले. त्यांतले कित्येक क्रमांक रुग्णाला घेऊन आलेल्या जीपच्या चालकाचे होते. चंदगडच्या बाजूचा रुग्ण घरी जाऊन दगावला, तर त्याची मृत्यू-नोंद महाराष्ट्रातल्या ग्रामपंचायतीत होते, उपचाराचा कागद कर्नाटकात राहतो, आणि दोन्ही जोडणारा दुवा कुठेच नसतो. प्रबंधात या रुग्णांना ना वाचलेल्यांत धरले ना मृतांत. त्यांचा वेगळा रकाना ठेवला आहे. नव्या पानावर आता घरातल्या व्यक्तीचा क्रमांक आणि गावच्या आशा सेविकेचे नाव असे दोन रकाने वाढवले असून, येत्या लावणीच्या हंगामात दाखल होणाऱ्या प्रत्येक रुग्णाची तिसाव्या दिवशी चौकशी करण्याचा प्रस्ताव आचारसमितीपुढे आहे.